बुकमार्क आले, पण जागेवर नाहीत: ब्राउझर बदलताना दरवेळी अडतं ते

महिन्याला एक तरी फोन असतोच. या वेळी आत्याचा होता. "अरे, नवीन लॅपटॉप आणला, ते इम्पोर्टचं बटण दोनदा दाबलं, माझं काहीच आलं नाही." ती एरंडवण्यात, मी कोथरूडला. अंतर १० मिनिटांचं, कर्वे रोडवरून संध्याकाळी गेलं तर २५ मिनिटांचं. तेवढ्या वेळात तिने जुना कॉम्प्युटर बंद करून त्यावर कापडही घातलं होतं, भंगारात द्यायच्या तयारीने. पहिलं काम केलं ते कापड काढायचं.

आत्याच्या बाबतीत भानगड अगदी साधी होती, पण बहुतेक जण इथेच अडकतात. ब्राउझरमधलं इम्पोर्टचं बटण त्याच कॉम्प्युटरवर असलेल्या दुसऱ्या ब्राउझरचं सामान, म्हणजे जपून ठेवलेल्या लिंका (बुकमार्क), पासवर्ड वगैरे, उचलतं. क्रोममधून फायरफॉक्समध्ये, फायरफॉक्समधून एजमध्ये, असं. शेजारच्या टेबलावर कापडाखाली झोपलेल्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे हे त्याला कुठून कळणार? नव्या लॅपटॉपवर आणायला काही नव्हतंच, म्हणून काही आलं नाही. बटण बिघडलेलं नव्हतं.

तिच्या जुन्या मशिनवर विंडोज ७ होतं. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे सरकत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती आली आणि विंडोज ७, ८.१ दोन्ही सुटली. एका साइटने 'ब्राउझर अपडेट करा'चा लकडा लावल्यावर आत्याने शेवटी लॅपटॉप घेतला. क्रोममध्ये तिने गुगल खात्याने कधी साइन-इन केलेलं नव्हतं, त्यामुळे सिंकचा, म्हणजे खात्यातून सगळं आपोआप नव्या मशिनवर उतरण्याचा, प्रश्नच नव्हता. जे होतं ते त्या जुन्या डब्यात.

अशा वेळी एकच रस्ता, आणि तो कधी दगा देत नाही: बुकमार्कांची एचटीएमएल फाइल. जुन्या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत याच किल्ल्यांनी बुकमार्कचं दालन उघडतं. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांत 'एक्स्पोर्ट बुकमार्क्स' आहे, फायरफॉक्समध्ये 'इम्पोर्ट अँड बॅकअप'च्या मेन्यूत. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या ब्राउझरमध्ये त्याच दालनात जाऊन इम्पोर्ट करा. झालं. पेन ड्राइव्ह नसेल तर ही फाइल स्वतःलाच मेल केली तरी चालतं, तिच्यात पासवर्ड नसतात. तुम्ही काय काय बघता ते मात्र त्यात असतं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

ही फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा, मजा आहे. पहिल्याच ओळीत 'नेटस्केप बुकमार्क फाइल' असं लिहिलेलं असतं. नेटस्केपचा ब्राउझर १९९४ मध्ये आला आणि कधीच गेला, पण त्याची फाइल लिहायची पद्धत सगळ्यांनी उचलली ती आजवर चालू आहे. म्हणूनच कुठल्याही ब्राउझरची फाइल कुठल्याही ब्राउझरला वाचता येते. प्रत्येक बुकमार्कपुढे एक १० आकडी संख्या दिसेल. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, ते मोजून बुकमार्क कधी केला याची नोंद ठेवलेली असते. १२६२३०४००० असेल तर १ जानेवारी २०१०. इम्पोर्ट काही केल्या होतच नसेल तर हीच फाइल डबल क्लिक करून उघडा. ती साधं वेबपेजच आहे, सगळ्या लिंका एकाखाली एक दिसतील आणि चालतील. मी एकदा एका गृहस्थांचं काम आठवडाभर तसंच चालवलं होतं.

फक्त नोटपॅडमध्ये बघायची आणि बंद करायची. सेव्ह करू नका. सेव्ह करताना खाली एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) एएनएसआय ही जुनी पद्धत निवडली गेली तर मराठीत दिलेली सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. 'घरपट्टी'च्या जागी नुसती सात प्रश्नचिन्हं. लिंक चालते, पण कुठली काय ते ओळखता येत नाही, आणि त्या प्रश्नचिन्हांतून अक्षरं परत मिळत नाहीत. जुन्या ब्राउझरमधून नव्याने फाइल काढायची, दुसरा इलाज नाही.

तर आत्याची फाइल आली, इम्पोर्ट झाली, 'झालं बरं का' म्हणून मी उठलो, आणि ती म्हणाली, "माझं लाइट बिल डावीकडून तिसरं होतं."

खरंच होतं. तिच्या ॲड्रेस बारखालच्या बुकमार्कच्या पट्टीवर डावीकडून मेल, पेपर, लाइट बिल, घरपट्टी, भिशीची शीट असा क्रम होता आणि तिचा हात त्या क्रमाने जायचा. नाव ती वाचतच नव्हती. नव्या ब्राउझरमध्ये सगळं आलं होतं, पण 'इम्पोर्टेड' नावाच्या एका फोल्डरच्या पोटात, उजव्या कोपऱ्यात. "माझे बुकमार्क गेले" म्हणून येणाऱ्या फोनमागे बहुतेक वेळा हेच निघतं. गेलेले नसतात, फोल्डरात असतात. क्रोमचं तर असं आहे की, पट्टी कोरी असेल तर इम्पोर्ट केलेलं सरळ पट्टीवर बसतं, आधीच एखादा बुकमार्क असेल तर वेगळ्या फोल्डरात जातं. आत्याच्या भाच्याने, म्हणजे मीच, हौसेने आधी एक मेलचा बुकमार्क करून ठेवला होता. नवा ब्राउझर हाती आला की इम्पोर्ट आधी, बाकी हौस नंतर.

उपाय: बुकमार्कच्या दालनात जा, इम्पोर्टेड फोल्डर उघडा, आतलं सगळं निवडा, कट करा, 'बुकमार्क्स बार'वर पेस्ट करा, मग रिकामा फोल्डर काढून टाका. पट्टीच दिसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी. काही बुकमार्कांपुढे चित्राऐवजी करडा गोल दिसेल, त्याची काळजी नको. त्या साइटवर एकदा जाऊन आलात की चित्र येतं.

दुसरी तक्रार: भलतंच आलं. सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्या कर सल्लागारांच्या ऑफिसात हे झालं. २० तारीख तोंडावर, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नची घाई, आणि फायरफॉक्समध्ये इम्पोर्ट केल्यावर पट्टीवर काय, तर अकरावी प्रवेशाची साइट, दोन क्लासेसच्या साइट आणि एक केकची पाककृती. क्रोममध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे दोघांचे वेगळे कप्पे, होते. एक साहेबांचा, दुसरा त्यांच्या मुलीने मे महिन्यात बसून केलेला. इम्पोर्ट करताना यादीत कुठला प्रोफाइल आहे ते कोणी पाहिलंच नाही.

आपला प्रोफाइल कुठला हे ओळखायची खात्रीची रीत अशी. जुन्या क्रोममध्ये ज्या खिडकीत आपले बुकमार्क दिसतात तिथेच ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं लिहून एंटर मारा. त्या पानावर 'प्रोफाइल पाथ' नावाची ओळ असते, तिचा शेवटचा शब्द बघा. पहिल्या प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव 'डीफॉल्ट' असतं आणि दुसऱ्याचं 'प्रोफाइल १', त्यामुळे 'प्रोफाइल १ म्हणजे पहिला' असं धरून चालणारा हमखास फसतो. एवढी कटकट नको असेल तर त्याच खिडकीतून एचटीएमएल फाइल काढा. जी खिडकी, तिचेच बुकमार्क, प्रोफाइलचा घोळच उरत नाही. मी हल्ली एकाच कॉम्प्युटरवर ब्राउझर बदलायचा असला तरी फाइलच काढतो.

फायरफॉक्समधून क्रोममध्ये आणताना फायरफॉक्स आधी पूर्ण बंद करा. तो चालू असताना आपल्या फायली कुलूप लावून ठेवतो आणि क्रोम 'आधी ते बंद करा' म्हणून अडून बसतं.

त्याच ऑफिसात पुढचा प्रकार असा की, नीट आलं नाही म्हणून कोणीतरी आणखी दोनदा इम्पोर्ट दाबलं होतं. इम्पोर्ट जुन्यावर नवं लिहीत नाही, भर घालतं. तीनदा दाबलं की तीन प्रती. एजमध्ये फेव्हरिट्सच्या (तिथे बुकमार्कांना हेच नाव आहे) मेन्यूत दुहेरी नोंदी काढून टाकायची सोय आहे, पण ती एकाच फोल्डरातल्या एकाच नावाच्या आणि एकाच पत्त्याच्या जोड्या काढते. तीन वेगळ्या फोल्डरांतल्या तीन प्रती तिच्या हिशेबी दुहेरी नाहीतच. सरळ दोन फोल्डर उडवा आणि एक ठेवा.

इथे फायरफॉक्सवाल्यांसाठी एक धोक्याची पाटी. त्याच्या मेन्यूत 'इम्पोर्ट' आणि 'रिस्टोअर' शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींचं वागणं उलट आहे. इम्पोर्ट भर घालतं, रिस्टोअर आत्ताचं सगळं पुसून त्या तारखेचं आणतं. म्हणजे घोळ झाल्यावर रिस्टोअर हा देव आहे, कारण फायरफॉक्स मागच्या काही दिवसांच्या प्रती तारीखवार स्वतःच ठेवतो. घोळ झाला नसताना मात्र त्याला हात लावू नका. क्रोममध्ये अशी तारखांची यादी नसते. त्याच्या प्रोफाइलच्या फोल्डरात 'बुकमार्क्स' नावाची फाइल असते आणि बहुधा शेजारी तिचीच 'बॅक' (इंग्रजीत बी, ए, के) शेपटीची एक जुनी प्रत. चुकून सगळं पुसलं गेलं तर क्रोम बंद करा आणि पुन्हा पुन्हा उघडून बघू नका, नाहीतर ती प्रतही रिकामी होऊन जाते. ती आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मग मूळ फाइल बाजूला सारून प्रतीची शेपटी काढा आणि क्रोम चालू करा. खात्याचं सिंक चालू असेल तर आधी इंटरनेट तोडा. सिंकला तुम्ही पुसलेलंही तितक्याच इमानदारीने सगळीकडे पोचवायचं असतं.

पासवर्डवर थोडं थांबतो, कारण खरं नुकसान इथेच होतं. जुन्या कॉम्प्युटरवरून क्रोमचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन नव्यावर टाकण्याची युक्ती बरेच जण करतात. बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. विंडोजवर क्रोम ते त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या विंडोज खात्याशी बांधून बंद करतं, दुसऱ्या मशिनवर किल्ली लागत नाही. फायरफॉक्समध्ये उलट आहे. किल्ली आणि कुलूप दोन्ही प्रोफाइलच्या फोल्डरातच असतात, फोल्डर हलवला की पासवर्डही हलतात. सोयीचं आहे, आणि तुमचा पेन ड्राइव्ह ज्याला सापडेल त्याचीही सोय आहे. म्हणून फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे बाकी सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप, लावून ठेवा.

एका कंपनीच्या ब्राउझरमधून दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड न्यायचे असतील तर सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी, काढावी लागते. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट आहे, फायरफॉक्समध्ये पासवर्डच्या पानावर तीन टिंबांत. ही फाइल म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या दोरीला बांधून गॅलरीत टांगल्यासारखं आहे: साइट, नाव, पासवर्ड, सगळं उघडं वाचता येतं. मेल नाही, व्हॉट्सॲप नाही. पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या ब्राउझरमध्ये चढवा, चार-पाच साइटवर लॉगिन होतं का बघा आणि लगेच दोन्हीकडून शिफ्ट डिलीटने काढून टाका. डाऊनलोड फोल्डरात एक प्रत राहून गेलेली असते, तिथेही बघा. दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून घेत असाल तर ही पायरी स्वतः घरी करा. तपकीर गल्लीत चांगले कारागीर खूप आहेत, पण किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवायचा नसतो.

आणि ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायची नाही. का ते आत्याच्याच उदाहरणाने सांगतो. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. तो कुठे लॉगिनचं नाव म्हणून ठेवलेला असेल तर एक्सेल त्याला संख्या समजतं, मध्ये ई आणि अधिक चिन्ह घालून आखडून दाखवतं आणि सेव्ह केलं की तसाच आखडलेला लिहून टाकतं. सुरुवातीला शून्य असलेले कस्टमर आयडी असतील तर शून्य उडतं. मग लोक म्हणतात, "पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही." पासवर्ड बरोबरच असतो, वरचं नाव बिघडलेलं असतं.

लॉगिन चालू अवस्थेत येतील ही आशाही सोडा. कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या नोंदी, सहसा एका ब्राउझरमधून दुसऱ्यात जात नाहीत. सुरक्षेसाठी जाऊही नयेत. प्रत्येक ठिकाणी नव्याने लॉगिन करावं लागेल, आणि बँकेला हा ब्राउझर अनोळखी असल्यामुळे ती ओटीपी मागेल. आत्याच्या एका खात्याचा ओटीपी जातो आतेभावाच्या मोबाइलवर, आणि आतेभाऊ न्यू जर्सीला. इथे सकाळचे ११ म्हणजे तिथे मध्यरात्र टळून गेलेली. ते काम संध्याकाळी सात वाजता परत जाऊन केलं. तुमचे ओटीपी कोणाकडे जातात ते आधी आठवा, मग दिवस ठरवा. रिटर्न भरायची शेवटची तारीख हा तो दिवस नव्हे.

आता सेटिंग्ज. बटणावर 'बुकमार्क्स अँड सेटिंग्ज' असं लिहिलेलं असतं खरं, पण आत बघाल तर हिस्टरी, बुकमार्क, पासवर्ड, सर्च इंजिन आणि फॉर्म भरायची माहिती एवढंच निघतं. ज्या गोष्टींची हाताला आणि डोळ्याला सवय असते त्यातलं काहीच येत नाही. आत्याने पेपरची साइट १५० टक्क्यांवर ठेवली होती, नव्यावर ती मुंग्यांसारखी दिसायला लागली. साइटवार झूम नव्याने लावावा लागतो: कंट्रोल आणि अधिक, त्या साइटपुरता तो पुढे लक्षात राहतो. सगळीकडेच अक्षर बारीक वाटत असेल तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये किमान आकार वाढवा. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो. मराठी वाचणाऱ्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे आणि तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

पॉप-अपची परवानगीही मागे राहते. कर भरला, पैसे गेले, पावतीचं पान उघडलंच नाही, अशी घबराट झाली तर आधी ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला अडवलेल्या खिडकीचं चिन्ह आहे का बघा. पावती तिथे अडकलेली असते. त्या साइटला परवानगी द्या आणि व्यवहाराच्या यादीतून पावती पुन्हा काढा. घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका. ऑफिसात एखादी जुनी साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालत असेल, तर एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर'खाली आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे. एक्सप्लोररची ११ वी आवृत्ती जून २०२२ मध्येच निवृत्त झाली. एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी, नव्याने टाकायची, आणि टाकताना खरंच कुठली लागतात याचा विचार करायचा.

'इम्पोर्ट केलेली लिंक चालत नाही' ही तक्रार मी इम्पोर्टच्या खात्यात धरत नाही. जुन्या ब्राउझरमध्येही ती लिंक चालते का बघा, बहुधा नाहीच चालणार. लॉगिन केल्यानंतरच्या आतल्या पानाचा बुकमार्क केलेला असतो आणि तो पत्ता त्या लॉगिनपुरताच असतो. पहिल्या पानाचा बुकमार्क करा. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं तरी वेबसाइटचा पत्ता 'युनिपुणे'च राहिला. सगळ्या साइट इतक्या समंजस नसतात.

आत्याला सांगून आलो की जुना कॉम्प्युटर पंधरा दिवस द्यायचा नाही. बाराव्या दिवशी फोन. "तो माझा मोदकांचा आणि ते रेल्वेचं आणि गुडघ्याच्या व्यायामाचं, ते कुठंय?" बुकमार्कमध्ये यातलं काहीच नव्हतं. जुनं क्रोम उघडलं तेव्हा उलगडा झाला. वरच्या कडेला ३१ टॅब उघडे, एवढे बारीक झालेले की नुसती चित्रं दिसत होती. ती बुकमार्क करायचीच नाही, पान बंद करायची नाही आणि क्रोमला 'जिथे सोडलं तिथून सुरू कर' सांगून ठेवलेलं. उघडे टॅब एचटीएमएल फाइलमध्ये येत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबलं की सगळे उघडे टॅब एकाच फोल्डरात बुकमार्क होतात, मग फाइल नव्याने काढता येते. क्रोमने फोल्डरचं नाव विचारलं. आत्याने टाइप करायला लावलं: 'बंद करू नये'.